कुर्ल्याला बसायला मिळत नाही

परवा भाचीचा फोन आला. "मामा, आमचं ऑफिस फोर्टातून बीकेसीला चाललंय." मी म्हटलं, बरंच झालं की, डोंबिवलीहून तुला जवळ पडेल. त्यावर ती जे बोलली ते दोन दिवस डोक्यात घोळतंय, म्हणून लिहायला बसलो.

कंपनीने म्हणे सगळ्या कर्मचाऱ्यांचे पिनकोड संगणकात घातले, कोणाला किती मिनिटं लागतील ते नकाशावरून काढलं, आणि सरासरी सर्वांत कमी आली ती बीकेसीची. तिचीही पंधरा मिनिटं वाचताहेत. कागदावर! पण संध्याकाळी सीएसएमटीहूनच गाडी सुटते, त्यामुळे एखादी गाडी सोडली की बसायला मिळतं. तिला मणक्याचं दुखणं आहे. त्या बसण्यावरच तिची नोकरी चाललीय. कुर्ल्याला सहा वाजता बसायचं राहू द्या, दारात पाय ठेवायला मिळाला तरी खूप. शिवाय कुर्ला स्टेशन गाठायला रिक्षाची रांग, तीही पावसात. हे संगणकाला कोणी सांगितलंच नाही.

मी तंत्रज्ञानाला नावं ठेवणारा म्हातारा नाही हं. मेट्रो-३ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली, तेव्हा हौसेने बसून आलो. आरेपासून ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं, फलाटाला सरकती दारं, तिकीट फोनवर. पण ही गाडी बीकेसीला जाते तशी हुतात्मा चौकालाही जाते की! २०१० साली हिरेबाजार ऑपेरा हाऊसहून बीकेसीला गेला, तेव्हा हा मार्ग नव्हता. आता मरोळ-सांताक्रूझच्या माणसाला फोर्टही एका गाडीत गाठता येतं. मग चर्चगेट आणि व्हीटी अशी दोन टोकाची स्टेशनं जवळ असलेली जागा सोडायची कशाला? भाड्याचं गणित असेल तर तसं सांगावं, प्रवासाचं नाव पुढे करू नये.

पस्तीस वर्षं मी वर्गाची सरासरी काढली. ती चांगली आली म्हणून नापास झालेल्या पोराच्या आईला कधी बरं वाटलेलं पाहिलं नाही. जागा ठरवणाऱ्या साहेबांनी आठवडाभर संध्याकाळी कुर्ल्याहून डोंबिवलीला जाऊन पाहावं, मग सही करावी.

असो. भाचीने पाचला सुटण्याची परवानगी मागितली आहे. उत्तर अजून यायचंय.