हळदीने गळती थांबते, दुरुस्त होत नाही

प्रीमियर पद्मिनी अजून जपणाऱ्यांशी मला थोडं भांडायचं आहे. रेडिएटर गळू लागला की त्यात हळद टाकायची, ही आपल्याकडची जुनी युक्ती. घाटात अडकलात तर जरूर टाका, घरी पोहोचाल. पण तीच दुरुस्ती समजून महिनोन्‌महिने गाडी पळवणं मला पटत नाही. हळद असो की बाजारातली पावडर, ती फक्त भोकात बसत नाही, रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही साचते. गळती थांबते आणि इंजिन तापू लागतं. या गाडीचा ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. फार तापलं की हेड वाकतं, गॅस्केट जाते. नुसतं नळाचं पाणीही त्या हेडला हळूहळू खातं, म्हणून कुलंट हवंच.

गळती आधी शोधावी लागते. इंजिन थंड असताना रेडिएटरच्या झाकणाच्या जागी हातपंप लावून दाब द्यायचा, मग होजच्या क्लिपा, वॉटर पंपाची सील, ब्लॉकवरचे गंजलेले प्लग बघायचे. बाहेर थेंब नाही, पाणी मात्र कमी होतंय आणि डिपस्टिकवर ऑइल दुधाळ? मग बहुधा गॅस्केटच.

यात उस्तादाचा अर्धा दिवस जातो. शेवटी निघते एक सैल क्लिप, आणि आपण म्हणतो, "एवढ्याचे एवढे पैसे?" मग पुढच्या वेळी त्यानेही पावडरच ओतली तर दोष कुणाचा? नव्या गाड्यांचे प्लास्टिक टाक्यांचे रेडिएटर सरळ बदलले जातात. तांब्या-पितळेच्या रेडिएटरला डाग देणारा कारागीर शोधायलाच आता दोन-तीन मोहल्ले फिरावे लागतात.