गल्ला मोजून झाल्यावर

वाद्यं नुसती सुरात लावून झाली आणि न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. सतारीवर रविशंकर, सरोदवर अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखाँ, तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती. लावणंच इतकं आवडलं, तर वाजवणं त्याहून आवडेल, अशा अर्थाचं काहीतरी पंडितजी हसत बोलले. १ ऑगस्ट १९७१ चा हा किस्सा आपल्याकडे चवीनं सांगितला जातो आणि तिथेच संपतो. मला मात्र, निम्मी हयात बँकेत खर्डेघाशी केल्यामुळे असेल, त्या दिवसाच्या गल्ल्याचं पुढे काय झालं यात अधिक रस आहे.

नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळात पूर्व बंगालमध्ये लाखो माणसं गेली. मार्च १९७१ पासून लष्करी वरवंटा फिरला. निर्वासितांचे लोंढे भारतात येऊ लागले. वर्षअखेर आकडा कोटीच्या घरात गेला. रविशंकर मूळचे बंगाली. आपल्या कार्यक्रमातून पंचवीसेक हजार डॉलर जमावेत, एवढीच त्यांची अपेक्षा. त्यांनी शिष्याकडे, जॉर्ज हॅरिसनकडे, शब्द टाकला. हॅरिसननं काही आठवड्यांत रिंगो स्टार, बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन अशी मंडळी उभी केली. एका दिवसात दोन खेळ, सुमारे चाळीस हजार श्रोते. तिकिटांचे २,४३,४१८ डॉलर आणि ५० सेंट त्याच महिन्यात युनिसेफला पोचले. इथवर खातं चोख.

खरा पैसा पुढे आला, तीन तबकड्यांच्या अल्बमचा आणि चित्रपटाचा. आणि इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. युनिसेफशी रीतसर व्यवस्था कार्यक्रमाआधी झालेली नव्हती, म्हणून अमेरिकेच्या करखात्यानं ते उत्पन्न धर्मादाय मानायला नकार दिला. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत रक्कम 'सस्पेन्स'मध्ये पडली. ब्रिटनमध्ये तबकड्यांवरचा कर माफ व्हावा म्हणून हॅरिसन अर्थखात्याच्या मंत्र्याला भेटला. उपयोग झाला नाही. शेवटी त्यानं स्वतःच्या खिशातून दहा लाख पौंडांचा चेक फाडला. तोही करासाठी, निर्वासितांसाठी नव्हे!

अडकलेल्यांपैकी सुमारे अठ्ठ्याऐंशी लाख डॉलर सुटले १९८१ साली. दहा वर्षांत महागाईनं डॉलरची किंमत निम्म्याहून खाली आणली होती. आणि छावणीत ज्या तान्ह्याला दूध हवं होतं, ते एव्हाना दहा वर्षांचं झालं होतं, जगलं असेल तर.

'कलावंतांना कुठला आलाय हिशेब', असं म्हणून हा विषय झटकणाऱ्यांशी माझं भांडण आहे. हॅरिसनइतकी किंमत कुणी मोजली? मला राग येतो तो दयेला सवड न देणाऱ्या नियमांचा आणि ते नियम वेळेवर न वाचणाऱ्या सल्लागारांचा. आपल्या सरकारनं १५ नोव्हेंबर १९७१ पासून पाकिटावर पाच पैशांचं निर्वासित साहाय्य तिकीट सक्तीचं केलं. मी तेव्हा शाळकरी पोर. मामाच्या पत्रावर ते चिकटवल्याचं आठवतं. ना सतार, ना गिटार. पण आमचे पाच पैसे त्याच क्षणी सरकारजमा होत.

म्हणून हल्ली मदतनिधीच्या कार्यक्रमाचं निमंत्रण आलं, की मी गायक कोण हे बघण्याआधी पत्रिकेच्या तळाशी संस्थेचा नोंदणी क्रमांक शोधतो. घरातले हसतात. हसोत बापडे.

बॉब गेल्डॉफनं १३ जुलै १९८५ रोजी लंडन आणि फिलाडेल्फियात 'लाइव्ह एड' घडवलं, त्याआधी हॅरिसननं त्याला चार अनुभवाचे शब्द सांगितले होते. गेल्डॉफचा विश्वस्त निधी कार्यक्रमाच्या कितीतरी आधी स्थापन झालेला होता. बांगलादेशाचा तो अल्बम २००५ मध्ये पुन्हा निघाला, तेव्हा हॅरिसन हयात नव्हता. त्या विक्रीच्या पैशासाठी युनिसेफकडे त्याच्या नावाचा निधी मात्र उघडलेला होता.