वाळवंटातलं जेवण आणि त्याचं बिल

दुबईला निघालो तेव्हा तीन वेगवेगळ्या लोकांनी मला सांगितलं होतं, की एक रात्र वाळवंटातल्या एखाद्या भारी रिसॉर्टमध्ये जेवायला नक्की जा. परत आल्यावर त्यातल्या दोघांनी विचारलं, "कसं होतं?" तिसऱ्याने विचारलं, "पैसे वसूल झाले का?" हा तिसरा माणूस पनवेलला किराण्याचं दुकान चालवतो. त्याचाच प्रश्न मला जास्त प्रामाणिक वाटला. त्याला दुकानाच्या फळीवर उभ्याउभ्या अर्धवट उत्तर दिलं होतं, ते इथे पुरं करतो.

आमच्या म्हसळा-श्रीवर्धनच्या पट्ट्यात आखाताशी नातं नसलेलं मुसलमान घर शोधूनच काढावं लागेल. माझ्या थोरल्या आपाचा मुलगा दुबईत एका हॉटेलच्या खरेदी विभागात नोकरीला आहे. मटण किती, टोमॅटो किती, बासमती कुठला, हे सगळं त्याच्या हातून जातं. मी आणि माझी पत्नी पहिल्यांदाच त्याच्याकडे गेलो होतो. त्याने आधीच ठरवून टाकलं होतं, "मामू, मामीला घेऊन एक रात्र वाळवंटात जेवायचं. तुम्ही काही बोलायचं नाही."

शहरातून तासाभराचा रस्ता. रिसॉर्टचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा त्या एका जागेचा नाही. मातीच्या रंगाच्या भिंती, खजुराची झाडं, दारात पितळी दल्ला घेऊन उभा असलेला माणूस. माणशी ४५० दिरहम. पाणी आणि सरबत वेगळं. तिघांचं मिळून बिल झालं १,६४० दिरहम. एका दिरहमचे तेवीस रुपये धरले तरी साडेसदतीस हजारांच्या वर. मी मनातल्या मनात हा गुणाकार केला, तेव्हा माझ्या ताटात कोंबडीचे दोन तुकडे होते आणि तेही कोरडे.

आता ही किंमत येते कुठून, ते आधी पाहू. नुसतं "लुटतात" म्हणणं सोपं आहे, पण ते पूर्ण खरं नाही. भाच्याने जेवताजेवता मला हिशेब समजावला. हॉटेलच्या धंद्यात ताटातल्या मालाचा खर्च साधारण विक्रीच्या तीस टक्क्यांच्या आसपास ठेवायचा असा सर्वसाधारण ठोकताळा असतो. उरलेल्यात पगार, वीज, जागा, नफा. दुबईत वर सहसा दहा टक्के सेवा शुल्क, सात टक्के महापालिकेचं शुल्क आणि २०१८पासून लागू झालेला पाच टक्के व्हॅट. कधी हे छापील दरातच धरलेलं असतं, कधी खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. "सेवा शुल्क" वाचून ते पैसे वाढप्यालाच मिळतात असं आपण समजतो. तसं असेलच असं नाही.

वाळवंटात यात आणखी भर पडते. तिथे काही पिकत नाही. प्यायचं पाणी बहुतेक समुद्राचं खारं पाणी गोडं करून आणलेलं. भाजी, दूध, बर्फ, सगळं ट्रकने यायचं. नोकरांना रोज शहरातून ने-आण करायची किंवा तिथेच ठेवायचं. आणि जून ते सप्टेंबर पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा उघड्यावर जेवायला कोण येणार? म्हणजे सहा-सात महिन्यांच्या हंगामात बारा महिन्यांचा खर्च काढायचा.

पण सगळ्यात मोठं कारण वेगळंच आहे. तिथे शेजारी दुसरं दुकान नाही. दहा दिरहमच्या आतलं पाणी तीस दिरहमला मिळतं, कारण तुम्ही उठून जाणार कुठे? माझ्या किराणावाल्या मित्राला हे एका वाक्यात कळलं. तो म्हणाला, "म्हणजे जत्रेतला भाव." अगदी.

तर मग ही रक्कम देऊन आपण विकत काय घेतो? जेवण नाही, हे नक्की. टेबलावर नॉर्वेचा सामन मासा होता, इटालियन पास्ता होता, पनीर टिक्का होता. गोडाच्या टेबलावर आंब्याचं मूस होतं. मी चमचा तोंडात घातला आणि भाच्याकडे पाहिलं. तो हसला. "मामू, ओळखलात ना? डब्यातला हापूसचा रस. आपल्याकडूनच येतो." रायगडच्या माणसाने दोन हजार किलोमीटर उडून, वर तासभर गाडीत बसून, शेवटी कोकणातल्या आंब्याचा डबाबंद रस खायचा, याला काय म्हणावं!

असं जेवण शहरात निम्म्याहून कमी दरात मिळतं, आणि ज्याला नुसतं चांगलं जेवायचं आहे त्याने तर सतव्यातल्या 'रावी'मध्ये जावं. १९७८पासून चालू असलेलं साधं पाकिस्तानी हॉटेल आहे. तिथे डाळ आणि निहारी खाऊन माणूस तृप्त होऊन बाहेर येतो, आणि बिल पाहून पुन्हा आत जावंसं वाटतं.

वाळवंटात आपण विकत घेतो ते अंतर, शांतता आणि अंधार. मगरिबची वेळ झाली, आम्ही दोघे थोडे बाजूला जाऊन वाळूवर नमाज पढलो. हाताला वाळू वरून गार आणि बोट खुपसलं की आत अजून कोमट लागत होती. पश्चिमेकडची तांबूस रेघ विझत गेली आणि टेकड्यांच्या कडा एकेक करून मिटल्या. ती वीसएक मिनिटं अमूल्य होती, हे मी कबूल करतो. त्यासाठी मी पैसे मोजायला तयार आहे.

आणि नेमकं तेव्हाच त्यांनी दिवे लावले. खांबाखांबावर झगझगीत दिवे, ध्वनिक्षेपक, त्यावर कुठलंसं ठेका धरायला लावणारं संगीत. तारे गेले. माझी सगळ्यात मोठी तक्रार ही आहे, कोरड्या कोंबडीची नाही. अंधार आणि शांतता विकायला काढायची, चढा भाव घ्यायचा, आणि गिऱ्हाईक आलं की त्या दोन्ही गोष्टी बंद करून टाकायच्या.

दोन गोष्टी मात्र तिथेही अस्सल होत्या, आणि दोन्ही कोपऱ्यात होत्या. एक हरीस. गहू आणि मटण तासन् तास शिजवून, घोटून एकजीव केलेलं. मीठ, थोडं तूप, बाकी मसाला जवळजवळ नाहीच. आपल्या मोहरमच्या खिचड्याचा हा साधा, अबोल थोरला भाऊ. २०२३मध्ये युनेस्कोने अमिराती, ओमान आणि सौदीच्या हरीसला आपल्या वारसा यादीत घेतलं. त्या भांड्याजवळ रांग नव्हती. गोऱ्या पाहुण्यांना ती पेज वाटली असावी आणि आपल्या मुंबईकरांना फिकी. मी तीनदा घेतलं.

दुसरी गोष्ट वाळूतल्या खड्ड्यात शिजवलेलं मटण. खड्ड्यात निखारे, त्यावर मटण, वरून झाकण आणि वाळू. शेजारच्या ओमानात ईदला याच जातीचा 'शुवा' करतात, मसाला लावून, पानात बांधून, दिवस-दीड दिवस जमिनीखाली ठेवून. झाकण काढल्यावर जो वास आला त्याने मला थेट थंडीतल्या पोपटीच्या रात्री आठवल्या. शेतात उलटं पुरलेलं मडकं, भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा आणि आत कोंबडी. जिथे चूल मांडता येत नाही तिथल्या माणसाने जमिनीलाच भांडं करायचं, ही युक्ती वाळूत आणि भातशेतात सारखीच सुचली. हे मटण त्या जागेचं होतं. ते वाढायला आचारी उभा होता मलप्पुरमचा, आणि त्याला आपल्या कामाचा अभिमान होता. त्या एका ताटासाठी मी शंभर-दीडशे दिरहम खुशीने दिले असते.

म्हणून पैसे वसूल होतात का, याचं माझं उत्तर असं: बुफेसाठी कधीच नाही. जिथे मोजके पाहुणे, खड्ड्यातलं किंवा निखाऱ्यावरचं मोजकं जेवण आणि कंदिलाचा उजेड असेल, आणि ज्याच्या खिशाला ते जड नाही, त्याने आयुष्यात एकदा जरूर जावं. जाण्याआधी फोन करून विचारावं, की दरात कर धरलाय का आणि रात्री संगीत लावता का. दुसऱ्या प्रश्नावर पलीकडचा माणूस उत्साहाने "हो" म्हणाला, तर फोन ठेवून द्यावा. आणि अमिराती जेवण जाणून घ्यायचं असेल तर दुबईच्या जुन्या अल फहीदी मोहल्ल्यात शेख मोहम्मद सांस्कृतिक केंद्र आहे. तिथे जमिनीवर बसवून स्थानिक जेवण देतात आणि पाहुण्यांनी धर्माबद्दल, लग्नाबद्दल, कपड्यांबद्दल काहीही विचारावं असा रिवाज आहे. रिसॉर्टच्या मानाने खर्च किरकोळ.

इथे हा लेख संपायला हवा होता. पण खरी गोष्ट अजून सांगितलेलीच नाही.

वाळवंटात पाहुण्याला जेवू घालणं हा अरबस्तानात धंदा नव्हता. घोडा कापून पाहुण्याला वाढणाऱ्या हातिमताईची दंतकथा आपण लहानपणापासून ऐकतो. पाहुण्याचा हक्क तीन दिवसांचा, हे हदीसमध्येही आलं आहे. पण मला सगळ्यात जास्त आठवते ती विल्फ्रेड थेसिजर या इंग्रज प्रवाशाने सांगितलेली हकिकत. १९४६-४७च्या हिवाळ्यात तो बेदूंबरोबर उंटावरून रुब-अल-खाली पार करत होता. दिवसेंदिवस अर्धपोटी. एक ससा हाती लागला. तो शिजेपर्यंत सगळ्यांचा जीव जात होता. आणि ऐन वेळी कुठूनतरी तिघे पाहुणे हजर झाले. बेदूंनी सगळा ससा त्यांच्यापुढे ठेवला, आपल्याला नको म्हणाले, आग्रह करकरून खाऊ घातलं. थेसिजरलाही हसतमुखाने तेच करावं लागलं. आतून तो किती चरफडत होता तेही त्याने लपवलेलं नाही.

त्याच रुब-अल-खालीच्या कडेला, लिवाजवळ, आज 'कस्र अल सराब' नावाचं आलिशान रिसॉर्ट आहे. सराब म्हणजे मृगजळ. नाव ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी असावी.

आता माझं पाहा. मी पाहुणा होतो. बिल माझा भाचा देणार होता. त्याचा पगार मला ठाऊक आहे, कारण नोकरी लागली तेव्हा आपाने पेढे देताना सांगितला होता, आणि त्यानंतर तो फारसा वाढलेला नाही. इथे आकडा लिहीत नाही. एवढंच सांगतो, की त्या रात्रीचं बिल त्याच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास होतं. तो खरेदी विभागातला माणूस. त्या टेबलावरच्या प्रत्येक पदार्थाची मूळ किंमत त्याला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक होती. तरी त्याने आम्हाला तिथे नेलं, आणि स्वतः ताटात जरासा भात घेऊन बसला. "दुपारी उशिरा जेवलोय, मामू." दुपारी तो आमच्याबरोबरच जेवला होता, एक वाजता.

माझी बायको माझ्यापेक्षा शहाणी. तिने उठून त्याच्यासाठी खड्ड्यातल्या मटणाचं ताट आणलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. बोलली काही नाही. त्याने खाल्लं.

शेजारच्या टेबलांवर अर्धी भरलेली ताटं सोडून लोक उठत होते. उरलेलं अन्न गरजूंपर्यंत पोचावं म्हणून २०१७मध्ये तिथे फूड बँक सुरू झाली, हे चांगलंच आहे. पण ताटात उष्टं झालेलं कुठली बँक घेणार? माणशी ठरावीक पैसे भरले की माणसाला वाटतं, जितकं जास्त वाढून घेईन तितकं वसूल. मीही एकदा तसाच उठलो होतो, हे लपवत नाही. हरीसची तिसरी वाटी भुकेची नव्हती, त्या ४५० दिरहमची होती.

शेवटी कहवा आला. दल्ला डाव्या हातात, छोटा फिंजान उजव्या हातात, तळाशी घोटभर ओतायचा. नको असेल तेव्हा फिंजान जरा हलवायचा, म्हणजे समोरचा थांबतो. वाढणारा नेपाळचा होता. त्याने ही रीत इतक्या अदबीने पाळली, की मी फिंजान हलवायचं मुद्दाम विसरलो.

परतताना भाच्याने विचारलं, "कसं वाटलं, मामू?" मी म्हणालो, "फारच छान. असं कधी पाहिलं नव्हतं." यातलं दुसरं वाक्य खरं होतं.

शहराच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एका मलबारी कॅफेटेरियासमोर त्याने गाडी थांबवली. करक चहा घेतला. हा करक म्हणजे आपलाच कडक, जीभ बदलली एवढंच. बरोबर तिघांत दोन पराठे, गरम, अंडं लावलेले. भाचा आता भरभर खात होता. सगळे मिळून वीस दिरहमच्या आत झाले. मी पाकीट काढलं. तो नको म्हणाला, मग माझ्याकडे पाहून गप्प राहिला. पैसे मी दिले.