विळ्याचे पाणी आणि एका गुणाचे उत्तर

भाताची कापणी जवळ आली की तोरण्याच्या पायथ्याशी, वेल्हे भागात, विळे लोहाराकडे जाऊ लागतात. लोहार विळा लाल करतो, ऐरणीवर ठोकून धार पातळ करतो आणि ती धार तेवढी पाण्यात बुडवतो. यालाच विळ्याला 'पाणी देणे' म्हणतात. आता त्या धारेवर कानस चालवून पाहा, ती नुसती घसरेल. मुठीजवळ मात्र सहज ओरखडा उठेल. पोलाद एकच, मग त्याचे काठिण्य कोणते सांगाल?

आपल्या परीक्षेत विचारतात, "तांबे व लोखंड यांपैकी अधिक कठीण धातू कोणता?" 'लोखंड' लिहिले की एक गुण मिळतो. उत्तर चूक नाही; पण माझे मत असे की, या एका शब्दाने विषय सुरू होण्याआधीच संपतो. महाविद्यालयात येणाऱ्या अनेक मुलांना शिसे, तांबे, लोखंड हा क्रम पाठ असतो. कठीण आणि ठिसूळ यांतला फरक विचारला, की ती एकमेकांकडे पाहू लागतात.

स्वीडनच्या ब्रिनेल यांनी १९०० साली धातूवर कठीण गोळी ठराविक भाराने दाबून, पडलेल्या खळग्यावरून काठिण्य मोजण्याची पद्धत मांडली. त्या मापाने शिसे ५ च्या आसपास, नरम तांबे ४० च्या, साधे नरम पोलाद १२० च्या आणि पाणी दिलेले हत्यारी पोलाद ६०० च्याही वर! म्हणजे तांब्यापासून नरम पोलाद जेवढे दूर, त्याहून पोलादापासून पोलादच अधिक दूर.

याचे कारण कार्बनमध्ये आहे. लाल पोलादात विरघळलेल्या कार्बनला एकदम थंड झाल्यावर बाहेर पडायला सवडच मिळत नाही. तो अडकून बसतो आणि अणूंचे थर एकमेकांवरून घसरेनासे होतात. तांब्याचे तसे नाही. ते लाल करून पाण्यात बुडवले तरी मऊच राहते, आणि ठोकल्याने कठीण होते. म्हणून तर तांबट ठोकलेला पत्रा मधून मधून तापवून नरम करून घेतो.

शिक्षक म्हणतील, प्रयोगाला वेळ कुठे आहे? दोन शिवणाच्या सुया, चिमटा, बर्नर आणि पेलाभर पाणी, एवढ्यावर अर्ध्या तासिकेत काम होते. एक सुई लाल करून ज्योतीतून हळूहळू बाहेर काढा व सावकाश निवू द्या. दुसरी लाल होताच पाण्यात टाका. मग दोन्ही चिमट्याने वाकवा. पहिली निमूट वाकेल, दुसरी टक्कन मोडेल. (तुकडा उडतो, हे काम शिक्षकांनीच, डोळ्यांवर चष्मा लावून करावे.)

मोडलेली ती सुई दोहोंपैकी अधिक कठीण होती. परीक्षेत विचारायचे, तर ती का मोडली हे विचारा.