आतले कपडे आणि बाहेरची अब्रू

विषय बघून काही वाचक नाक मुरडतील. संस्कृतीवर लिहिणाऱ्याने गंजीफ्रॉक आणि चड्डीवर कशाला लिहावे? मला उलटे वाटते. ज्या वस्तूचे नाव घ्यायला घरातली माणसे लाजतात, तिच्यावरून त्या घराची रीत लवकर कळते.

आपला खर्चाचा हिशेबच बघा ना. चवथीला नवे कपडे हवेतच. लग्नाला वेगळे, जत्रेला वेगळे. शर्टाची कॉलर जरा विरली की तो ‘घरात वापरायला’ जातो. आणि त्याच शर्टाखालच्या गंजीची चाळण झालेली असते, चड्डीचे इलॅस्टिक कधीच मेलेले असते आणि कमरेला सेफ्टी पिन लावून कारभार चाललेला असतो. का? तर म्हणे, “आत कोण बघतोय?” माझे भांडण या एका वाक्याशी आहे. कपडा फक्त बघणाऱ्यासाठी असतो, अंगासाठी नसतो, असे आपण कधी ठरवले?

मग किती दिवसांनी बदलावेत? कोणी सांगतो सहा महिने, कोणी वर्ष. हे आकडे मला पटत नाहीत. साधे गणित करा. तुमच्याकडे तीन चड्ड्या असतील आणि रोज एक वापरत असाल, तर प्रत्येक चड्डी वर्षात सुमारे १२० वेळा अंगावर येते आणि तितक्याच वेळा धुतली जाते. नऊ असतील तर जेमतेम ४० वेळा. मग दोघांना एकच तारीख कशी लागू होईल? कॅलेंडर नको, कपडा बघा. इलॅस्टिक ओढल्यावर परत येत नसेल, जांघेपाशी कापड विरून आरपार दिसत असेल, शिवण टोचत असेल, धुऊन वाळवल्यावरही वास राहत असेल, तर त्याचे दिवस भरले. मग तो सहा महिन्यांचा असो की दोन वर्षांचा. आणि लवकर संपू नये असे वाटत असेल तर कडक ब्लीच आणि पिळून पिळून धुणे टाळा. इलॅस्टिक त्यानेच लवकर मरते.

आता आपल्या पावसाकडे या. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जाड सुती कपडा पडवीतल्या दोरीवर दोन-दोन दिवस सुकत नाही. घरात तीनच जोड असतील तर तिसऱ्या दिवशी ओलसर कपडा अंगावर चढणारच. नायटा, गजकर्ण करणाऱ्या बुरशीला घाम, ऊब आणि ओल एवढेच लागते. म्हणून मिरगाच्या आधी छत्री दुरुस्त करतो तसे दोन-चार जोड जास्त घेऊन ठेवावेत. दमट वाटला तर घालण्याआधी इलॅस्टिक सोडून इस्त्री फिरवावी. यात चैन कसली?

खरी गोष्ट तर पुढेच आहे. कुठल्याही वाड्यावरून चालत जा आणि दोऱ्या बघा. पुरुषांच्या चड्ड्या अंगणात झेंड्यासारख्या फडफडत असतात. आणि बायकांचे कपडे? न्हाणीच्या मागे, काळोखात, टॉवेलखाली नाहीतर परकराखाली दडवलेले. त्यांना ऊन नाही, वारा नाही. जे कापड सगळ्यांत आधी खडखडीत सुकायला हवे, तेच सगळ्यांत शेवटी सुकते, आणि याला आपण मर्यादा म्हणतो! दुकानातही तेच. काउंटरमागे पुरुष उभा असेल तर माप नीट न विचारता, कापड न बघता पुडी उचलायची आणि पिशवीत तळाशी टाकायची. घरच्या खरेदीच्या यादीत मुलांचे आधी, नवऱ्याचे मग, स्वतःची ब्रेसियर ‘पुढच्या महिन्यात’. तो पुढचा महिना वर्षभर येत नाही.

खाज सुटली की तीही लपवायची. डॉक्टरकडे कसे जायचे? मग फार्मसीतून कुणाकडून तरी ट्यूब मागवायची. अशा बऱ्याच ट्यूबांत बुरशीच्या औषधासोबत स्टेरॉइड मिसळलेले असते. खाज चार दिवसांत थांबते आणि बुरशी आतून पसरत राहते. पुढे ती साध्या औषधांना दाद देत नाही. आज भारतभर त्वचारोगतज्ज्ञ हीच तक्रार करतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइडची अनेक मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायची, असा नियम केला. पण लाजेवर नियम कुठला करणार?

“आमच्या आज्या काटकसरी होत्या,” असे कोणी म्हणेल. होत्याच. पण त्यांची काटकसर बघा. जुन्या साड्यांची वाकळ व्हायची, मऊ झालेल्या धोतराची बाळाची दुपटी व्हायची. जुने कापड त्यांना वाईट नव्हते, कुठले कापड कुठे वापरायचे हे त्यांना कळत होते. शर्ट खुशाल पाच वर्षे वापरा, कॉलर उलटून शिवा, ठिगळ लावा. मी त्याच्या बाजूनेच आहे. आपण मात्र धडका शर्ट टाकून देतो आणि फाटकी गंजी जपतो. या उलट्या कारभाराला काटकसर म्हणू नका.

तेव्हा यंदा चवथीच्या खरेदीला म्हापशाला जाल तेव्हा यादीत पहिली ओळ आतल्या कपड्यांची लिहा, आणि तीही घरातल्या बायकांच्या. अंगणातल्या दोरीवर जिथे सगळ्यांत जास्त ऊन येते ती जागा त्यांना द्या. शेजाऱ्यांना दिसले तर दिसू दे. धुतलेल्या कपड्याने कुणाची अब्रू जात नाही.