दोन वायरी, एकच बोर्ड

स्विचमध्ये दोन पॉवर सप्लाय आहेत एवढ्यावर स्वतःच्या नेटवर्कला 'रिडंडंट' म्हणवणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. दुसऱ्या सप्लायचे पैसे मोजलेले असतात, ऑडिटवाला दोन हिरव्या दिव्यांचा फोटो काढतो, बॉस खूश. आणि रॅकच्या मागे जाऊन बघावं तर दोन्ही वायरी एकाच पट्टीत! अहो, मग तो दुसरा सप्लाय काय शोभेला ठेवलाय?

सप्लाय जळतात, नाही असं नाही. पण मी तरी जास्त वेळा पाहिलंय ते यूपीएस ट्रिप झालेला, एमसीबी पडलेला, नाहीतर झाडू मारताना कुणीतरी उपटलेली पिन. तिथे एकाच बोर्डावरचे दोन सप्लाय एकदमच मरणार.

बरं, वायरी दोन वेगळ्या यूपीएसवर टाकल्या की झालं? इथे भले भले फसतात. दोन्ही यूपीएस ६० टक्के भरलेत, सगळं मजेत चाललंय... एक गेला की दुसऱ्यावर १२० टक्के, तोही आडवा. खर्च दुप्पट, अंधार तेवढाच. प्रत्येकावर निम्म्याहून कमी लोड हवा, हे घरी इन्व्हर्टर असलेल्या कुठल्याही माणसाला कळेल.

त्यात पीओईची गंमत. ४८ पोर्ट, प्रत्येकी ३० वॉट, म्हणजे १४४० वॉट. स्विचमध्ये ११०० चे दोन सप्लाय असतील तर दोघं मिळून हे ओझं वाहतात. एक मेला की स्विच फोन, कॅमेरे, वायफाय यांची वीज तोडायला लागतो. सिस्कोच्या मोठ्या स्विचवर 'कंबाइन्ड' आणि 'रिडंडंट' असे वेगळे मोड आहेत ते काय उगाच? आणि पोर्टांचं प्राधान्य ठरवलं नसेल, तर हॉस्पिटलात आयसीयूचा फोन आणि कँटीनचा फोन त्या स्विचच्या लेखी सारखेच.

"एवढं कुठे होतं हो!" होतं. ८ ऑगस्ट २०१६ ला डेल्टा एअरलाइन्सच्या अटलांटातल्या केंद्राची वीज गेली. ती लवकर परतसुद्धा आली, पण महत्त्वाच्या सिस्टिम्स आणि नेटवर्कची यंत्रं बॅकअपवर गेलीच नाहीत. सीईओंनी नंतर सांगितलं, सुमारे ७००० पैकी ३०० च्या आसपास यंत्रं बॅकअप विजेशी नीट जोडलेलीच नव्हती. तीन दिवसांत २००० हून जास्त विमानं रद्द. बॅकअप होता हो, फक्त वायर पोचली नव्हती!

म्हणून माझं म्हणणं, वर्षातून एकदा क्लायंटला सांगून-सवरून एक वायर उपटा. मग ती लावून दुसरी. इथे मॅनेजर लोकांच्या पोटात गोळा येतो. "चालू आहे ना, कशाला हात लावायचा?" अरे, रविवारी सकाळी सगळी टीम हजर असताना पडलेलं बरं, की रात्री दोनला? आपल्या पुण्यात तर गुरुवारी महावितरण ही टेस्ट फुकटात करून देतं :-)

आणि दोन रंगांच्या वायरी घ्या. ए फीडला लाल, बी फीडला निळी. एका सप्लायला लाल, दुसऱ्याला निळी. चुकलं तर लांबून दिसतं. खर्च? 'गो-लाइव्ह'च्या पार्टीतल्या पनीर टिक्क्यापेक्षा कमीच.