शांतता राखा, पण एक तास सोडून

चंद्रपूर असो की ब्रह्मपुरी, आरमोरी असो की अहेरी, आता गावोगावी अभ्यासिका दिसतात. कुठे नगर परिषदेची, कुठे ग्रामपंचायतीची, कुठे एखाद्याने घराच्या माडीवर काढलेली. आत लाकडी कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक मूल आणि भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी. पोलीस भरती, वनरक्षक, तलाठी अशा परीक्षांची तयारी इथे चालते. या सगळ्या परीक्षांत ‘बुद्धिमत्ता चाचणी’ नावाचा एक भाग असतो. मालिकेतली पुढची संख्या ओळखा, पाच जण वर्तुळात बसले आहेत तर अमक्याच्या डावीकडे कोण, फोटोतल्या बाईचे त्या माणसाशी नाते काय, असले प्रश्न. पोलीस शिपायाच्या लेखी परीक्षेत १०० प्रश्नांना ९० मिनिटे मिळतात. म्हणजे एका कोड्याला मिनिटभरही नाही. साहजिकच मुले कोडे सोडवत नाहीत, ‘ट्रिक’ पाठ करतात.

यात मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. धानाचे एक पीक, उन्हाळ्यात मोह आणि तेंदूपत्ता, बाकी वर्षभर मिळेल ते काम, अशा भागात सरकारी नोकरीची एक जागा म्हणजे घरातल्या सगळ्यांचा श्वास मोकळा करणारी गोष्ट. घड्याळ लावून सराव करावाच लागतो. पण ज्या गोष्टीने माणसाची विचारशक्ती वाढावी, ती मान खाली घालून, एकट्याने, भीतीपोटी करायची गोष्ट होऊन बसली आहे. इथे नुकसान होते, आणि ते केवळ मजेचे नाही.

एक जुने कोडे घेऊ. इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी ते १९६६ मध्ये मांडले. टेबलावर चार पत्ते आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला संख्या आहे. समोर दिसतात ते ‘अ’, ‘क’, ‘४’ आणि ‘७’. नियम सांगितला आहे तो असा: एका बाजूला स्वर असेल, तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. हा नियम खरा की खोटा हे ठरवण्यासाठी कोणते पत्ते उलटून पाहावे लागतील?

बहुतेक लोक ‘अ’ आणि ‘४’ सांगतात. काही जण नुसता ‘अ’ सांगतात. बरोबर उत्तर ‘अ’ आणि ‘७’ असे आहे. ‘४’च्या मागे काहीही निघाले तरी नियम मोडत नाही, कारण व्यंजनामागे सम संख्या नसावी असे कोणी म्हटलेलेच नाही. ‘७’च्या मागे मात्र स्वर निघाला तर नियम तिथेच मोडतो. कोडे दिसते सोपे, पण शिकलेसवरलेले लोकही त्यात अडकतात. अमेरिकेतील डेव्हिड मोशमन आणि मॉली गाइल यांनी १९९८ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना हेच कोडे घातले. एकेकट्याने सोडवणाऱ्यांपैकी ९ टक्के विद्यार्थ्यांनाच ते सुटले. पाच-सहा जणांचे गट करून बोलू दिले, तेव्हा २० पैकी १५ गटांनी अचूक उत्तर दिले.

९ टक्के आणि ७५ टक्के. मुले त्याच प्रकारची, कोडे तेच. फरक एवढाच की एकाने ‘चार’ म्हटल्यावर दुसरा ‘का रे?’ असे विचारू शकत होता. काही गटांत तर सुरुवातीला एकाकडेही बरोबर उत्तर नव्हते, ते बोलता बोलता निघाले. हुशार मुलाची नक्कल करून गट जिंकला, असे म्हणून हा निकाल झटकता येत नाही. आपल्या युक्तिवादातली फट आपल्याला दिसत नाही, शेजाऱ्याच्या युक्तिवादातली लगेच दिसते. गावातल्या कोणत्याही पारावर हे रोज सिद्ध होते, त्याचा उपयोग मात्र कोणी गणितासाठी करत नाही.

याच कोड्याची आणखी एक गंमत आहे. रिचर्ड ग्रिग्ज आणि जेम्स कॉक्स यांनी १९८२ मध्ये फ्लोरिडातल्या विद्यार्थ्यांसमोर अक्षरे-संख्यांऐवजी बिअर पिण्याच्या वयाचा नियम ठेवला. बिअर पिणारा, शीतपेय पिणारा, वयाने मोठा, वयाने लहान, असे चार पत्ते. कोणाला तपासायचे? सुमारे तीन चतुर्थांश मुलांनी बरोबर सांगितले: बिअर पिणारा आणि वयाने लहान. (गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, त्यामुळे तिथे हे उदाहरण वापरायचे तर चौघांनाही तपासावे लागेल.) ताडोब्याचे फाटक घेतले तरी चालेल. जिप्सी आत गेली तर सोबत गाईड हवाच, असा नियम. फाटकावरचा माणूस बाहेर उभ्या असलेल्या जिप्सीकडे बघत नाही आणि गाईड बसलेल्या जिप्सीची चिंता करत नाही. तो आत गेलेली जिप्सी आणि गाईड नसलेली जिप्सी पाहतो. ‘अ’ आणि ‘७’ हेच त्याचे उत्तर आहे, आणि त्यासाठी त्याला तर्कशास्त्राचा तास लागलेला नाही.

म्हणजे तर्क माणसात असतो, तो कागदावर उतरताना वाट चुकतो. २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात हे भारतातल्या मुलांबाबत दिसले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारात काम करणारी मुले पाहिली. अवघड हिशेब ती तोंडी करत होती, पण तेच गणित शाळेच्या भाषेत समोर आले की अडखळत होती. शाळेत पक्की असलेली मुले उलट बाजारच्या हिशेबात कच्ची निघाली. आठवडी बाजारात टोळी-चारोळी विकणाऱ्या किंवा तेंदूच्या पुडक्यांचा हिशेब फळीवर उभे राहून ठेवणाऱ्या मुलीला ‘गणितात ढ’ म्हणणाऱ्यांनी हा अभ्यास जरूर लक्षात ठेवावा. घरी गोंडी किंवा माडिया आणि पुस्तकात प्रमाण मराठी अशी स्थिती असेल तर वाट आणखीच लांबते. अशा वेळी कोडे चार मैत्रिणींनी मिळून, आपल्या बोलीत, हातवारे करत सोडवले तर हा पूल बांधला जाण्याची शक्यता वाढते. शाळेत तेवढा वेळ नसतो, ही अडचण खरी आहे.

गणिताच्या भीतीचा भागही यातच येतो. ही भीती म्हणजे नुसता न्यूनगंड नव्हे. समोरची माहिती क्षणभर डोक्यात धरून ठेवायची जी जागा असते, ज्याला कार्यरत स्मृती म्हणतात, ती चिंतेने व्यापली जाते. ‘आपल्याला जमणार नाही’ हा विचारच हातच्याची जागा खातो. घड्याळ आणि गुण बाजूला ठेवले, चुकल्यावर हशा पिकला तरी तो सोबत्यांचा असला, की ती जागा मोकळी राहते.

आता वडीलधाऱ्यांकडे वळू. ‘रोज एक शब्दकोडे सोडवा, विस्मरण टाळा’ असा सल्ला मोबाइलवर सर्रास फिरतो. तो जसाच्या तसा खरा नाही. २०१० मध्ये ११,४३० लोकांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत असे दिसले की संगणकावरचे ‘मेंदूचे व्यायाम’ केल्याने लोक त्या व्यायामात तरबेज होतात, बाकी बुद्धीवर फरक पडत नाही. स्कॉटलंडमध्ये १९३६ साली जन्मलेल्या ४९८ जणांच्या पाहणीत (२०१८) कोड्यांची आवड असलेल्यांची बुद्धी उतारवयातही वरच्या पातळीवर आढळली, पण उतरण्याचा वेग इतरांइतकाच होता. उतार तोच, सुरुवात मात्र उंचावरून. हेही थोडे नाही. तरीही कोडे म्हणजे औषध, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

न्यूयॉर्कमधील ७५ वर्षांवरील ४६९ लोकांचा एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंशाचा धोका कमी आढळला तो वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नाच करणाऱ्यांमध्ये. एकट्याने सोडवलेल्या शब्दकोड्याला तेवढे स्पष्ट यश मिळाले नाही. अशा पाहणीवरून कारण आणि परिणाम ठरवता येत नाही. ज्यांचा मेंदू आधीच थकू लागला आहे ते खेळायला येतच नाहीत, असेही असू शकते. पण पट आणि नाच या दोन्ही गोष्टींना सोबत लागते, हे नजरेतून सुटू नये. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली. त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, ऐकू न येणे आहे, तसेच कमी शिक्षण आणि एकटेपणही आहे. भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये मांडला गेला. हे प्रमाण शहरांपेक्षा खेड्यात आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आहे. रेला नाचणाऱ्या गावांत एक उपाय आधीपासून आहेच. मुले पुण्या-नागपूरला गेलेल्या घरातली म्हातारी माणसे मात्र टीव्हीसमोर एकटी बसलेली असतात. त्यांच्यासाठी वाघ-बकरीचा पट पुन्हा मांडावा. जमिनीवर कोळशाने रेघा, सोंगट्या म्हणून खडे आणि चिंचोके, खर्च शून्य. (ज्या जिल्ह्यांत वाघ ही रोजची धास्ती आहे, तिथे निदान पटावर तरी बकऱ्यांना त्याला कोंडता येते.) रक्तदाबाची गोळी चुकवून मात्र खेळू नये.

मजेसाठी गणित म्हटले की महाराष्ट्रात एक नाव घ्यावेच लागते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. १९०५ मध्ये डहाणूला जन्म, फर्ग्युसनमधून पदवी आणि मग १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीत शाळामास्तर. ना संशोधन संस्था, ना पीएच.डी. संख्यांशी खेळण्याचा नाद मात्र जबर. देशातले काही गणिती त्यांच्या कामाला किरकोळ समजत. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि जगाचे लक्ष गेले. ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, तिला त्यांनी ‘हर्षद’ म्हटले, म्हणजे आनंद देणारी. १८ ही तशी आहे: एक आणि आठ नऊ, आणि नवाने १८ला भाग जातो.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध खेळ ६१७४ चा. तो त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत सांगितला. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसले म्हणजे झाले. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. गडचिरोली जिल्हा झाला ते साल १९८२. ९८२१ वजा १२८९ म्हणजे ८५३२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. दोन पायऱ्यांत मुक्काम आला. पुढे कितीही केले तरी ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४ च. कोणतीही संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथे पोहोचते. कापरेकरांचे जन्मसाल १९०५ घेतले तर पुरत्या सात लागतात.

हा खेळ एकट्याने केला तर पाच मिनिटांत संपतो. दहा जणांत केला तर वेगळेच घडते. प्रत्येक जण आपले जन्मसाल किंवा गाडीचा नंबर घेतो, प्रत्येकाची वाट वेगळी, आणि शेवटी सगळे एकाच ठिकाणी. कोणाचे उत्तर वेगळे आले तर नऊ जण त्याची वजाबाकी तपासायला धावतात. मग कोणी तरी म्हणते, ‘मधली सगळी उत्तरे नवाने भागली जातात, पाहा.’ दुसरा विचारतो, ‘का?’ अंक तेच असल्याने दोन्ही संख्यांना नवाने भागल्यावर बाकी सारखीच उरते, म्हणून फरकात ती उडून जाते. हे कोणी फळ्यावर लिहून दिले तर दुसऱ्या दिवशी विसरले जाते. स्वतःच्या गटाने झगडून शोधले तर विसरले जात नाही, आणि परीक्षेत विभाज्यतेच्या कसोटीचा प्रश्न आला की उपयोगीही पडते.

तेव्हा अभ्यासिका चालवणाऱ्यांनी ‘शांतता राखा’ची पाटी आठवड्यातून एका संध्याकाळी तासभर उलटी करून ठेवायला हरकत नाही. फळ्यावर एक कोडे, चार-पाच जणांचे गट, घड्याळ नाही, बक्षीस तर मुळीच नाही. बक्षीस आले की लगेच स्पर्धा येते आणि गटातला तरबेज मुलगा बाकीच्यांना गप्प करतो. ज्याला उत्तर आधीपासून माहीत आहे त्याने फक्त प्रश्न विचारायचे, एवढा एक नियम पुरे. गावातले निवृत्त गुरुजी, वनखात्यातून निवृत्त झालेले काका यांनाही बोलवावे. मुलांना त्यांचे तोंडी हिशेब मिळतील आणि त्यांना बोलायला माणसे. रेंज नसली तरी अडत नाही. भामरागडच्या बाजूला तर ही सोयच म्हणायची, कारण उत्तर मोबाइलवर शोधता येत नाही.

पहिल्या संध्याकाळसाठी कोडे हवे असेल तर तीन अंकी संख्यांवर कापरेकरांचीच कृती करून पाहावी. तिथेही असेच एक ठरलेले मुक्कामाचे गाव आहे, त्याचा आकडा इथे मुद्दाम दिलेला नाही. आणि दोन अंकी संख्या घेतल्या तर मुक्काम का मिळत नाही, हा प्रश्न दुसऱ्या आठवड्यासाठी राखून ठेवावा.